निवृत्तीनंतर मन थाऱ्यावर नाही: जपानकडून नेमकं काय घ्यावं?

प्रश्न: मी ६७ वर्षांचा, बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ. पेन्शन आहे, घर आहे, मुलगा-सून परदेशात सुखात आहेत. तरी मन थाऱ्यावर नसतं. रात्री दोन-अडीचला जाग येते आणि छातीत धडधडतंय का ते बघत पडून राहतो. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. धाकट्या भावाशी वाटणीवरून झालेला जुना वाद डोक्यातून जात नाही. इकिगाई (म्हणजे जगण्याचं कारण), झेन यांवर पुष्कळ वाचलं, इकिगाई शोधायची ती चार वर्तुळं काढून पाहिली, ती रिकामीच राहिली. या जपानी शहाणपणात माझ्या वयाच्या माणसाला उपयोगी पडेल असं खरंच काही आहे, की सगळा बाजार आहे? असलं तर त्यासाठी जपानला जाऊन राहावं का?

उत्तर:

बाजार आहेच, आणि मोठा आहे. त्या चार वर्तुळांपासूनच सुरुवात करते, म्हणजे ती रिकामी राहिल्याची रुखरुख तरी जाईल. ती आकृती मुळात जपानी नाही. आंद्रेस झुझुनागा या स्पॅनिश ज्योतिषाने ती आयुष्याचं प्रयोजन शोधण्यासाठी काढली होती. २०१४ मध्ये मार्क विन या ब्लॉगलेखकाने मधला शब्द बदलून तिथे इकिगाई लिहिलं आणि ती जगभर फिरली. तिच्यातलं एक वर्तुळ ‘लोक तुम्हाला कशाचे पैसे देतील’ याचं आहे. पेन्शन घेणाऱ्या माणसाने ते भरायचं कशाला? जपानी आजोबांना विचारलंत तर ते नातवंडं सांगतील, परसातले मुळे सांगतील, नाहीतर शनिवारी गो हा पटावरचा खेळ खेळायला जातो म्हणतील. त्याची आकृती होत नाही.

जपानी म्हातारपण म्हणजे चेरीच्या झाडाखाली शांत बसलेला माणूस, हेही चित्र पुसून टाका. तिथल्या पोलिसांच्या नोंदींप्रमाणे २०२४ या एका वर्षात ७६ हजारांहून अधिक माणसं घरात एकटी असताना गेलेली आढळली, आणि त्यांतली तीन-चतुर्थांश पासष्टी ओलांडलेली होती. निवृत्त होऊन दिवसभर बायकोच्या मागे मागे करणाऱ्या नवऱ्याला तिथल्या बायका ओला पाचोळा म्हणतात, झाडायला गेलं की केरसुणीलाच चिकटून बसणारा. (हे वाचून तुमच्या घरात कोणी हसलं तर तो दोष माझा नाही.) तेव्हा ते लोक आपल्यापेक्षा शांत आहेत म्हणून त्यांच्याकडून शिकायचं, असं नाही. तुम्हाला रात्री अडीच वाजता जे होतं त्यावर तिथल्या दोन माणसांनी फार बारकाईने काम करून ठेवलंय, म्हणून शिकायचं. एक मनोविकारतज्ज्ञ होता, दुसरा व्यापारी. ज्येष्ठांच्या समुपदेशनात मला खरोखर वापरता आलेल्या जपानी गोष्टी म्हणाल तर मुख्यतः या दोघांच्या. आणि दोघांपैकी एकानेही ‘मन शांत करा’ असं सांगितलेलं नाही.

धडधडीपासून सुरू करू.

मोरिता शोमा यांचा जन्म १८७४ चा, शिकोकू बेटावरच्या कोची प्रांतातला. नऊ-दहा वर्षांचे असताना त्यांनी देवळात नरकाचं चित्र पाहिलं आणि मरणाची भीती त्यांच्या मनात बसली ती बसलीच. पुढे टोकियोत वैद्यकी शिकताना त्यांना धडधडीने आणि घाबरेपणाने गाठलं. उपचार चालू, परीक्षा तोंडावर, आणि त्यात घरून पैसे येईनात. वडिलांवर ते इतके चिडले की औषधं बंद केली आणि मरायचं तर मरू म्हणून अभ्यासाला बसले. परीक्षा उत्तम गेली. धडधड कुठे गेली ते कळलंच नाही. पुढे मनोविकारतज्ज्ञ झाल्यावर त्यांनी या प्रकाराचा पाठपुरावा केला, आणि १९१९ च्या सुमारास त्यातून त्यांची उपचारपद्धती उभी राहिली.

त्यांचं निदान साधं आहे. छातीत एक ठोका जरा जोरात पडतो. तो प्रत्येकाच्या छातीत पडतो. तुमचं लक्ष तिकडे जातं. लक्ष गेलं की तो अधिक स्पष्ट जाणवतो, अधिक जाणवला की लक्ष आणखी खिळतं, आणि असं चक्र सुरू होतं. त्यात ‘असं होता कामा नये, मला शांत वाटलं पाहिजे’ ही झटापट घातली की माणूस पुरता अडकला. बँकेत असताना मार्चअखेर काऊंटरपुढे रांग लागलेली, तेव्हा नाडी बघायला तुम्हाला फुरसत होती का? हृदय तेव्हाही तेच होतं. निवृत्तीनंतर लक्ष मोकळं होतं आणि ते शरीरावर, झोपेवर, विसराळूपणावर, कानातल्या आवाजावर जाऊन बसतं. माझ्याकडे येणाऱ्या साठी-सत्तरीतल्या तक्रारींतला मोठा भाग या एका चक्रात बसतो. तुमच्या तपासण्या झाल्यात हे चांगलं झालं. त्या झाल्याशिवाय पुढचं काहीच सांगितलं नसतं. मात्र दोन वाजता उठवतंय ते लघवीचं निमित्त आहे की दुपारची दीड तासाची झोप, तेही एकदा डॉक्टरांशी बोलून घ्या. पुष्कळदा मामला तेवढाच असतो.

मोरिता रुग्णांना स्वतःच्या घरी ठेवून घेत. पहिला आठवडाभर नुसतं पडून राहायचं. वाचायचं नाही, बोलायचं नाही, करमणूक नाही. जेवण आणि शौच एवढीच सूट. सुरुवातीला काळजी उसळून येते. तिला हाकलायचं नाही, समजूतही घालायची नाही. ती आपल्या वेगाने चढते आणि उतरते. चार-पाच दिवसांनी बहुतेकांना भलतीच गोष्ट छळू लागते, ती म्हणजे कंटाळा. कधी एकदा उठून काहीतरी करतो असं होतं. मोरितांना हेच हवं असे. मग अंगणात हलकी कामं, मग लाकडं फोडण्यासारखी अंगमेहनत, शेवटी बाहेरच्या जगात परत. सगळं मिळून साधारण चाळीस दिवस, कधी जास्त. रोज रात्री रोजनिशी लिहायची आणि मोरिता तिच्यावर शेरे मारत. कसं वाटतंय याची वर्णनं त्यांना नको असत. आज काय केलंस ते लिही, म्हणत.

आता आपल्याकडच्या सल्ल्याशी ताडून बघा. निवृत्त माणसाला आपण म्हणतो, ‘मन रमवायला काहीतरी छंद लावून घ्या.’ इथे काम हे मनावरचं औषध झालं, म्हणजे नजर पुन्हा मनावरच. माणूस कुंडीत मिरची लावतो आणि तासाभराने स्वतःला विचारतो, बरं वाटलं का? मला हमखास प्रश्न येतो, ‘बागकाम सुरू केलं की किती दिवसांत शांत वाटेल?’ अशा माणसाच्या हातात खुरपं असतं पण डोळे छातीवरच असतात. मोरितांच्या पद्धतीत मिरचीला पाणी घालायचं ते मिरचीला पाणी हवं म्हणून. मन त्या वेळी अस्वस्थ असेल तर असो, त्याला बरोबर घेऊन पाणी घालायचं. म्हणून मी छंद सुचवत नाही. केलं नाही तर कोणाचं तरी अडेल असं काम शोधा, असं सांगते. सोसायटीचे पाण्याचे हिशेब, शेजारच्या मुलाला गणित, घरातली गळकी तोटी, रोजची भाजी चिरणं. भाजी चिरायला सांगितलं की गृहस्थ मंडळी नाराज होतात, त्यांना काहीतरी भारदस्त हवं असतं. पण भाजी चिरली नाही तर त्याच दिवशी स्वयंपाक अडतो, आणि मला नेमकं तसंच काम हवं असतं.

रात्रीसाठी एवढंच करा. घड्याळ आणि मोबाइल खोलीबाहेर. जाग आली तर आली. धडधड आहे का ते बघायला लक्ष जाईल, जाऊ द्या. ते ओढून आणण्याचा खटाटोप करू नका आणि शांत होण्याचे मंत्रही म्हणू नका. झोप लागो न लागो, सकाळी ठरल्या वेळी उठायचं आणि पहिलं काम हाती घ्यायचं. रात्री किती तास जाग होती याचा हिशेब बायकोला द्यायचा नाही. तो हिशेब बंद करणं सगळ्यांना फार जड जातं, कारण त्यावर सहानुभूती मिळत असते.

या पद्धतीने माणूस निर्विकार होतो असं समजू नका. मोरितांचा एकुलता एक मुलगा १९३० मध्ये गेला, तेव्हा ते लोकांदेखत रडले. १९३८ मध्ये स्वतःची वेळ आली तेव्हा मरणाची भीती वाटते हे त्यांनी शिष्यांपासून लपवलं नाही. त्यांच्या मते मरणाची भीती आणि जगण्याची ओढ या एकाच गोष्टीच्या दोन बाजू. एक ठेवून दुसरी काढून टाकता येत नाही. तुम्ही वाचलेल्या, कशानेच न हलणाऱ्या झेन वृद्धांपेक्षा मला हा रडणारा डॉक्टर जास्त विश्वासाचा वाटतो.

भावाचं प्रकरण मोरितांच्या पद्धतीने सुटणारं नाही. त्याला दोघांतला दुसरा, तो व्यापारी, लागतो.

योशिमोतो इशिन (१९१६–१९८८) हे नारा प्रांतातल्या यामातोकोरियामाचे. त्यांचं घराणं जोदो शिनशू या बौद्ध पंथाचं. त्या परिसरातल्या एका मंडळीत एक कडक साधना चाले. अन्न, पाणी, झोप सोडून माणसाने एकांतात आपलं सारं आयुष्य तपासायचं. योशिमोतोंचे तीन प्रयत्न फसले, चौथा १९३७ मध्ये पार पडला. हे सामान्य माणसाला झेपणारं नाही आणि पंथाच्या चौकटीत राहिलं तर बाहेर पोचणारही नाही, हे त्यांनी ओळखलं. उपास काढला, जागरण काढलं, धर्मही बाजूला ठेवला. धंद्यात पैसा कमावला आणि १९५३ मध्ये त्यातून बाहेर पडून या कामाचं केंद्र काढलं. या पद्धतीला नाइकान म्हणतात. पुढे ती जपानी तुरुंगांमध्येही वापरली गेली.

एक आठवडा. खोलीच्या कोपऱ्यात घडीचा पडदा उभा करून त्याच्या आत बसायचं, पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत. जेवण जागेवर येतं. सुरुवात बहुधा आईपासून. तिच्याबरोबरचं आयुष्य तुकड्यांत पाडायचं, शाळेत जाईपर्यंतचं, मग प्राथमिक शाळेतलं, असं पुढे पुढे. प्रत्येक तुकड्याला तीनच प्रश्न विचारायचे. तिने माझ्यासाठी काय केलं? मी तिच्यासाठी काय केलं? मी तिला काय त्रास दिला? दीड-दोन तासांनी मार्गदर्शक येतो, पडद्यापुढे वाकून नमस्कार करतो, काय आढळलं ते ऐकतो आणि पुढचा काळ सांगून जातो. सल्ला नाही, सांत्वन नाही, विश्लेषण नाही. योशिमोतोंनी वेळेची वाटणीही सांगून ठेवलीय: पहिल्या दोन प्रश्नांना वीस-वीस टक्के, तिसऱ्याला साठ.

‘तिने मला काय त्रास दिला’ हा चौथा प्रश्न यादीत मुद्दामच नाही. तो आपल्याला न शिकवता येतो, आणि तुम्ही रात्री अडीच वाजता भावाच्या बाबतीत तोच सोडवत असता.

उत्तरं ढोबळ चालत नाहीत. ‘आईने खूप प्रेम दिलं’ हे नाइकानच्या हिशेबात शून्य. ‘तिसरीत गोवर आला तेव्हा ती तीन रात्री उशाशी बसली’ हे चालतं. आपल्याकडे मातृऋण, पितृऋण असे शब्द पूजेत उच्चारून आपण मोकळे होतो, रक्कम कधी काढत नाही. नाइकानमध्ये ती अक्षरशः काढायला लावतात. तुम्हाला वाढवायला किती खर्च आला, वयाप्रमाणे, दूध, कपडे, फी, औषधं धरून बेरीज करा, असा एक भागच आहे. तुम्ही बँकेतले, तुम्हाला हे बरं जमेल. पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना काही आठवत नाही, नाहीतर सगळं पाठ केल्यासारखं आठवतं. मग कधीतरी एखादी बारीक गोष्ट वर येते. कोणीतरी पहाटे उठून भरलेला डबा, आणि तो न खाता परत आणून टाकलेला. तिथून पुढचं काम आपोआप होतं.

भावापासून सुरू करू नका. आधी आई, मग वडील, मग पत्नी. पत्नीच्या वेळी तिसऱ्या प्रश्नाला बहुधा वही कमी पडते, तेव्हा तयारी ठेवा. भाऊ चौथा. आणि त्याच्याही बाबतीत वाटणीच्या वर्षापासून नको, तो पाळण्यात होता तिथपासून. वादाला पाच-सात वर्षं झाली असतील, भाऊपण साठ वर्षांचं आहे. रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास, एका वेळी एक तुकडा. लिहायचं ते कोणाला दाखवायचं नाही, व्हॉट्सअॅपवर भावाला तर मुळीच पाठवायचं नाही. असे पश्चात्तापाचे लांबलचक मेसेज रात्री जातात आणि सकाळी नवीन भांडण उभं करतात.

याचा अर्थ भावाचंच बरोबर होतं असा नव्हे. वाटणी अन्यायाची झाली असेल तर ती तशीच राहते, तिचं काय करायचं ते वकिलाबरोबर बसून वेगळं ठरवा. नाइकान माफी मागायला लावत नाही आणि द्यायलाही लावत नाही. फक्त ‘मी देतच आलो, मला मात्र फसवलं’ ही जी अखंड कथा आपण स्वतःला सांगतो, ती पहिल्यासारखी सलग सांगता येईनाशी होते. मधे मधे त्याने तुमच्या लग्नात केलेली धावपळ येते, तुम्ही त्याच्या नापास होण्यावर चारचौघांत केलेला विनोद येतो. कथा तुटली की रात्रीच्या फेऱ्या विरळ होतात. एवढंच मी खात्रीने सांगू शकते.

इथे एक ठाम सूचना. लहानपणी घरात मारहाण किंवा अत्याचार सोसलेल्या माणसाला ‘तू त्यांना काय त्रास दिलास’ हे मी विचारत नाही, आणि कोणी विचारत असेल तर सोसलेल्याने तिथून उठून जावं. खोल नैराश्यात असलेल्यालाही हे देऊ नये. तो आधीच स्वतःला दोषी धरत असतो, त्याच्या हातात आणखी पुरावा कशाला द्यायचा? भूक गेली, वजन उतरलं, पहाटे उठल्यापासून अंधारून आल्यासारखं वाटतं, जगण्यात अर्थ नाही असं मनात येतं, यांतलं काही असेल तर वह्या बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञ गाठा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला लागू शकतं.

आणखी दोन गोष्टी, थोडक्यात.

जुन्या जपानमध्ये घराचा कर्ता वय झालं की कारभार वारसाकडे सोपवून बाजूला होई, पुष्कळदा त्याच आवारातल्या वेगळ्या छोट्या घरात राहायला जाई. आपल्या वानप्रस्थाशी साम्य आहे, पण वनात जाणं नाही. किल्ल्या दिल्या की उरलेला वेळ त्याचा. इनो तादाताका हे साके, म्हणजे तांदळाची दारू, आणि धान्याचे व्यापारी. एकोणपन्नाशीत त्यांनी घर मुलाच्या हाती दिलं, एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला गेले आणि ताकाहाशी योशितोकी या एकोणीस वर्षांनी लहान खगोलशास्त्रज्ञाचे विद्यार्थी झाले. अक्षांशाचा एक अंश जमिनीवर किती लांबीचा भरतो, हे त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी १८०० साली, पंचावन्नाव्या वर्षी, पायी उत्तरेकडे निघाले आणि पुढची सतरा वर्षं देशाचा किनारा मोजत राहिले. नकाशा पुरा व्हायच्या आधी १८१८ मध्ये ते गेले. सहकाऱ्यांनी मृत्यूची बातमी दाबून ठेवली आणि १८२१ मध्ये काम पुरं करून दिलं. तुम्ही देश मोजा असं मी म्हणत नाही. पण तरुण माणसाचा विद्यार्थी होणं आणि घरातल्या किल्ल्या खरोखर देऊन टाकणं, या दोन्ही गोष्टी आपल्याकडच्या कर्त्या पुरुषांना अवघड जातात. मुलगा परदेशात असूनही त्याच्या फ्लॅटचे हप्ते इथून तपासत बसणारे वडील मला ठाऊक आहेत.

दुसरी ओकिनावा या दक्षिणेकडच्या जपानी बेटाची. तिथे मोआई नावाची मंडळं असतात. ठरावीक माणसं दर महिन्याला जमतात, पैसे काढतात, एकेकाला आळीपाळीने रक्कम मिळते, खाणं-गप्पा होतात. म्हणजे आपली भिशी. काही गट दशकानुदशकं तेच असतात, आणि म्हातारपणी कोणी आलं नाही तर बाकीचे त्याच्या घरी जाऊन बघतात. ओकिनावाच्या दीर्घायुष्याची जाहिरात ऐकताना हेही लक्षात ठेवा की २००० सालच्या गणनेत तिथल्या पुरुषांचं आयुर्मान ४७ प्रांतांत २६ व्या क्रमांकावर घसरलं होतं; मधल्या पिढीचं खाणं बदललं होतं. तेव्हा बेटाच्या पाण्यात जादू नाही. तुमच्या पत्नीची भिशी असेलच, तुमची नसेल. पुरुषांची भिशी म्हटलं की लोक हसतात, पण चार जुने सहकारी गाठून सुरू करा. विषय पैशाचा असला की बँकवाले वेळेवर येतात.

राहिला जपानला जाण्याचा प्रश्न. पर्यटनासाठी जरूर जा. नाइकानच्या आठवड्यासाठी मात्र मी आत्ता सुचवणार नाही. तिथल्या बहुतेक केंद्रांतलं काम जपानीत चालतं, आणि आपल्या आईबद्दल दुभाष्यामार्फत बोलणं म्हणजे अर्धं काम गेलं. युरोपात, विशेषतः ऑस्ट्रियात, ही पद्धत १९८० पासून रुजलीय, पण तिथेही भाषेचा प्रश्न आहेच. शिवाय सदुसष्टाव्या वर्षी दिवसाचे पंधरा-सोळा तास एका कोपऱ्यात काढायचे, तर गुडघ्यांना आधी विचारायला हवं. खुर्ची बहुतेक ठिकाणी देतात. योशिमोतो स्वतः आठवड्याच्या बैठकीनंतर घरी रोज थोडा वेळ नाइकान करायला सांगत. तुम्ही तिथूनच सुरुवात करा: एक दोनशे पानी वही, आईबरोबरची तुमची पहिली सहा वर्षं. पहिल्या आठवड्यात काही आठवलं नाही तर गावाकडे मावशी किंवा आत्या असेल तिला फोन लावून विचारा. असे तपशील बायकांकडे असतात, आणि कोणीतरी विचारावं याची त्या वाट बघत असतात.